मदत हवी आहे: लिस्बनमध्ये राहायला बायशा की आल्फामा?

रानजाई:
१० ते १४ जून, चार रात्री. मी आणि आई-बाबा. दोघं सत्तरीतले, आईला जिने झेपत नाहीत. दोन बुटीक हॉटेलं काढली आहेत, दोन्हीकडे तिघांची खोली, न्याहारी धरून.
बायशा: रुआ (रस्ता) दा कॉन्सेसांव, दुसरा मजला, रात्रीचे १९० युरो.
आल्फामा: जुनं घर, गच्चीतून नदी दिसते, १५५ युरो. रिव्ह्यूही जास्त चांगले. मन इकडेच ओढतंय.

घाटवाट:
आधी तारखा बघा. १२ जूनची रात्र सांतु आंतोनियोच्या उत्सवाची, आणि आल्फामा त्याचा बालेकिल्ला. गल्लोगल्ली सार्डिन भाजतात, गाणी पहाटेपर्यंत. तरुण असाल तर तिथेच राहा म्हटलं असतं!
दुसरं, आतल्या गल्ल्यांत टॅक्सी जात नाही. वर पोर्तास दो सोल चौकात नाहीतर खाली फादो (पोर्तुगीज गाणी) संग्रहालयापाशी उतरायचं, पुढे बॅगा उचलून दगडी पायऱ्या. त्यामुळे हॉटेलला नुसतं 'लिफ्ट आहे का' विचारून भागत नाही. टॅक्सी थांबते तिथून दारापर्यंत किती पायऱ्या आणि दारापासून लिफ्टपर्यंत किती, दोन्ही आकडे लेखी मागवा. जुन्या इमारतींत लिफ्ट मागाहून बसवलेली असते, कधीकधी अर्धा जिना चढल्यावर सुरू होते. हा प्रश्न बायशाच्या हॉटेललाही विचारा.

माडबन:
बायशाच घ्या. १७५५च्या भूकंपानंतर नव्याने आखलेला भाग, सरळ रस्ते, जवळजवळ सपाट. फक्त रुआ दा कॉन्सेसांववरून २८ नंबरची ट्राम जाते, वळणावर तिची चाकं किंचाळतात. मागची खोली मागा, पण खिडकी कुठे उघडते ते विचारून. काही मागच्या खोल्यांची खिडकी नुसत्या हवेच्या बोळात उघडते. आवाजासाठी खिडकी बंद ठेवायची तर जूनमध्ये एसी हवाच.
विमानतळावरून मेट्रोने येणार असाल तर लाल लाइन, आलामेदाला हिरवी, बायशा-शियादोला उतरून रुआ दो क्रुसिफिशोकडचं दार. शियादोकडच्या दाराने बाहेर पडलात तर टेकडीवर निघाल. बॅगा आणि आई बरोबर असताना सरळ टॅक्सी करा.
टेकडीवरच्या सांव जॉर्ज किल्ल्याकडे जायला रुआ दोस फांकेइरोसवर फुकट लिफ्ट आहे, पुढे शांव दो लोरेइरोला दुसरी. त्यानंतरही थोडा चढ उरतोच.

घाटवाट:
शहराचा कर धरलाय का? माणशी रात्रीला ४ युरो, म्हणजे तुमचे ४८. बरेचदा बुकिंगच्या रकमेत नसतो, काउंटरवर मागतात.

रानजाई:
धरला नव्हता. आई-बाबा शाकाहारी आहेत, अंडं चालतं. न्याहारीचं ठीक, रात्री काय?

माडबन:
मार्तिं मोनिझ चौक बायशाच्या उत्तर टोकाशी, तिथे भारतीय किराणा मिळतो. बाहेर खाताना 'सें कार्न, सें पेइश' म्हणा, मांस नको, मासे नकोत. काल्दो वेर्द हे सूप हिरवंगार दिसतं, पण त्यात बहुधा डुकराच्या सॉसेजची चकती असते. खोलीत केटल आहे का तेही त्याच मेलमध्ये विचारून टाका.