शब्दचर्चा: जलावतरण, रुजू आणि रिफिट

मुग्धा: भारतीय नौदलावरचा एक इंग्रजी लेख मराठीत आणतेय. वर्तमानपत्रांत 'लाँचिंग' आणि 'कमिशनिंग' दोन्हींना सर्रास 'जलावतरण' म्हटलेलं दिसतं. दोन्ही एकच का? आणि 'रिफिट'ला नुसतं 'दुरुस्ती' चालेल?

गोदीकर: एकच कसं असेल, मध्ये वर्षं जातात! 'मोरमुगाओ' विनाशिका घ्या. माझगाव गोदीत १७ सप्टेंबर २०१६ रोजी ती पाण्यात उतरली, हे जलावतरण. तेव्हा बरंचसं काम बाकी होतं. शस्त्रं, रडार, केबलची जाळी हे सगळं नंतर, जहाज धक्क्याला बांधून. १९ डिसेंबर २०२१ला, गोवा मुक्तिदिनी, ती पहिल्यांदा समुद्री चाचणीला बाहेर पडली आणि नौदलात आली १८ डिसेंबर २०२२ला, हे कमिशनिंग. त्या दिवशीच्या बातमीला 'जलावतरण' असा मथळा देणं म्हणजे मुंजीच्या पत्रिकेवर बारसं छापणं. तोवर नावाआधी 'आयएनएस'सुद्धा लागत नाही, गोदीच्या कागदांवर ती 'यार्ड १२७०५' असते.

तात्या_सातारा: कमिशनिंगला 'रुजू होणे' का नको? 'कार्यान्वित' वाचलं की मला नळपाणी योजना आठवते. 'विराट' विमानवाहू नौका २०१७च्या मार्चमध्ये निवृत्त झाली असं आपण सहज लिहितो. निवृत्त व्हायचं तर आधी रुजू व्हायलाच हवं की.

देवगडचा: +१. एक उपप्रश्न, 'कील लेइंग'ला काय म्हणणार? आमच्याकडे लाकडी होडीच्या तळाच्या मुख्य वाशाला पठाण म्हणतात.

गोदीकर: पठाण झकास आहे, पण मुंबई-पुण्याच्या वाचकाला वेगळंच काही वाटेल. 'कणा बसवणे' लिहा. तसाही आता तो बराचसा विधीच उरलाय. युद्धनौका मोठमोठे ब्लॉक वेगवेगळे तयार करून, मग एकमेकांना जोडून बांधतात. पहिला ब्लॉक जागेवर ठेवला की नारळ फुटतो.

आता रिफिट. 'दुरुस्ती' म्हटलं की काहीतरी बिघडलंय असं वाटतं. रिफिट ठरलेल्या वेळी येतंच, जहाज ठणठणीत असलं तरी. नौदलात त्याचे शॉर्ट, नॉर्मल, मीडियम असे प्रकार आहेत. जहाज सुक्या गोदीत घ्यायचं, तळाला चिकटलेलं शेवाळ नि शिंपले खरवडायचे, पातळ झालेले पत्रे कापून नवे वेल्ड करायचे, पाण्याखालचे व्हॉल्व्ह खोलून तपासायचे, झिजलेले जस्ताचे ठोकळे बदलायचे. (स्टीलच्या आधी आपण झिजावं एवढ्यासाठीच ते बिचारे तिथे असतात.) याला मी 'नियतकालिक देखभाल-दुरुस्ती' म्हणेन, किंवा सरळ 'रिफिट'. गोदीत कामगार रिफिटच म्हणतात.

जुनं रडार, जुनी क्षेपणास्त्रं काढून नवी बसवली तर ते आधुनिकीकरण. बरेचदा रिफिटच्या मुहूर्तावरच उरकतात म्हणून गल्लत होते.

मुग्धा: मग 'विक्रमादित्य' विमानवाहू नौकेचं काय? मूळ मजकुरात तिथेही 'रिफिट'च आहे.

गोदीकर: मराठीत तिथे 'पुनर्बांधणी'च. ती मूळची रशियाची 'अ‍ॅडमिरल गोर्शकोव्ह'. तिच्या पुढच्या डेकवरची क्षेपणास्त्रं काढून तिथे विमानांच्या उड्डाणासाठी चढता उतार केला. रशियातल्या सेवेरोदविन्स्कच्या गोदीत काम इतकं वाढत गेलं की ९७.४ कोटी डॉलरची रक्कम २३५ कोटींवर गेली आणि जहाज नोव्हेंबर २०१३मध्ये नौदलात आलं. याला 'दुरुस्ती' म्हटलंत तर वाचक विचारेल, एवढे पैसे कशाचे?

मुग्धा: पटलं. मथळ्यात 'नौदलात दाखल' आणि मजकुरात 'रुजू' घेते. शेवटचं एक. 'शंकुश' पाणबुडीसाठी संरक्षण मंत्रालयाने जून २०२३मध्ये माझगाव गोदीशी २,७२५ कोटींचा करार केला. कामाचं नाव 'मीडियम रिफिट विथ लाइफ सर्टिफिकेशन'.

तात्या_सातारा: हयातीचा दाखला! नोव्हेंबरात पाणबुडीही पेन्शनरांच्या रांगेत.

गोदीकर: तात्या, हसू आलं तरी अर्थ फार लांब नाही हो. 'शंकुश' १९८६ची. पाणबुडी दर बुडीला दाब सोसते, त्याने कवच थकतं. ते तपासून, लागेल तिथे नवं करून, अजून किती वर्षं ती चालेल याचा निर्वाळा द्यायचा. 'आयुर्मान प्रमाणीकरण' असं काही घडवू नका. 'मध्यम रिफिट आणि पुढील आयुष्याचा निर्वाळा' लिहा.

देवगडचा: 'निर्वाळा' बरोब्बर. मुग्धाताई, लेख छापून आला की इथे कळवा.