लंडन ते पॅरिस : विमान की रेल्वे?

कुलकर्णी काकू (बी ३०४): नमस्कार मंडळी. मे महिन्यात लेकीकडे लंडनला जातोय. तिथून चार दिवस पॅरिस करायचं म्हणतोय. विमानाला नक्की किती वेळ लागतो? गूगलवर सव्वा तास लिहिलंय आणि जावयांनी पाठवलेल्या वेळापत्रकात ९ ला सुटून ११.१५ ला पोहोचतं.

निलेश (ए ७०१): दोन्ही बरोबर काकू. पॅरिसचं घड्याळ लंडनच्या एक तास पुढे. येताना उलटी गंमत, ९ ला निघालेलं विमान सव्वानऊला लंडनात!

रानडे काका (सी १०२): अंतर किती?

निलेश: हीथ्रो ते शार्ल द गोल, म्हणजे विमानतळ ते विमानतळ, सरळ रेषेत साधारण ३५० किमी. मुंबई-गोव्यापेक्षा कमीच. त्या सव्वा तासात जमिनीवर रांगणंही आलं, हवेत जेमतेम तासभर.

श्वेता (ए ५०२): काकू, सव्वा तासावर जाऊ नका. आधी हीथ्रो गाठा, दोन तास आधी हजर राहा, तपासणी, उतरल्यावर बॅगांची वाट बघा. शार्ल द गोलही शहराबाहेर पंचवीसेक किमी. घरातून हॉटेलपर्यंत पाच-सहा तास सहज. मी तिकडे होते तेव्हा युरोस्टार रेल्वेनेच जायचे. लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनहून पॅरिसचं गार दु नॉर स्टेशन, सव्वादोन तासांच्या आसपास, म्हणजे शहराच्या मध्यातून थेट मध्यात.

 

रानडे काका: रेल्वेच! वेग ताशी ३०० किमीपर्यंत जातो. इंग्लिश खाडीखालचा बोगदा १९९४ ला सुरू झाला, ५० किमी लांब, त्यातला ३८ किमी समुद्राच्या तळाखाली. आमच्या खात्यात तेव्हा सगळे त्याच गप्पा मारायचे.

कुलकर्णी काकू: अगं बाई, मग मासे दिसतात का?

रानडे काका: वहिनी, निव्वळ काळोख. वीसेक मिनिटांत बाहेर.

कुलकर्णी काकू: बरं. सामानाचं काय? यांच्या गुडघ्यामुळे जड उचलवत नाही.

श्वेता: दोन बॅगा आणि एक छोटी चालते, वजन करत नाहीत. पण चढवायच्या आपणच. आणि तासभर तरी आधी जा, फ्रान्सची पासपोर्ट तपासणी लंडनलाच होते. पॅरिसला उतरलं की सरळ बाहेर.

निलेश: काकू, मुख्य गोष्ट राहिली. शेंगेन व्हिसा, म्हणजे फ्रान्ससकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा, काढलाय का?

कुलकर्णी काकू: यूकेचा आलाय की. दहा वर्षांपूर्वी वन्संबाई गेल्या होत्या तेव्हा तर ब्रिटन युरोपातच होतं ना?

निलेश: तेव्हाही आपल्याला दोन वेगळे व्हिसा लागायचे. ब्रिटन शेंगेनमध्ये कधी नव्हतंच. विमान असो वा रेल्वे, शेंगेनशिवाय चढू देणार नाहीत. आणि तिकडे गेल्यावर काढू म्हणाल तर जमणार नाही, पाहुणे म्हणून गेलेल्यांना अर्ज इथूनच करावा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मे म्हणजे गर्दीचा हंगाम, अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही.

श्वेता: आणि लेकीकडचे पेढे, तूप पॅरिसला नेऊ नका. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. बाकरवडी न्या.

कुलकर्णी काकू: जावयांना आत्ताच फोन लावते, तिकिटं काढू नका म्हणून. निलेश, संध्याकाळी घरी असशील तर कागद घेऊन वर येते.

निलेश: या काकू. सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंटही आणा.