रनिंग बफेलो क्लोव्हर : दुर्मीळ वनस्पतीच्या अधिवासात गवत का कापले जाते?

प्रश्न : ओहायोतीरी

नमस्कार. मी अमेरिकेतील सिनसिनाटी शहराच्या परिसरात राहतो. आमच्या भागातील एका उद्यानातून रानात जाणाऱ्या पायवाटेच्या कडेला ‘रनिंग बफेलो क्लोव्हर’ या बहुवर्षायू रानटी क्लोव्हरविषयी (क्लोव्हर म्हणजे तीन पर्णिकांच्या, अर्थात तीन छोट्या भागांच्या पानांची द्विदल वनस्पती) माहिती देणारा फलक लावलेला आहे. ही वनस्पती अनेक वर्षे संकटग्रस्त म्हणून गणली जात होती, असे त्यावर लिहिले आहे. मात्र ज्या कडेला ती वाढते, तिथलेच गवत कर्मचारी वर्षातून ठरावीक वेळी यंत्राने कापतात आणि त्या वाटेवरून लोकांना चालण्यासही कोणतीही मनाई नाही.

आपल्याकडे दुर्मीळ वनस्पती म्हटली की कुंपण घालणे आणि माणसांचा व गुराढोरांचा वावर थांबवणे हाच पहिला उपाय सुचतो. मग या क्लोव्हरचा नैसर्गिक अधिवास नेमका कसा आहे? तिला रानाची गरज असेल, तर रान जसेच्या तसे का राहू दिले जात नाही? आणि घरासमोरच्या हिरवळीत सर्वत्र दिसणाऱ्या पांढऱ्या क्लोव्हरहून ती वेगळी कशी ओळखावी? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर १ : तृणपर्ण

आपल्या प्रश्नातच या वनस्पतीचे सारे वैशिष्ट्य आलेले आहे. ट्रायफोलियम स्टोलोनिफेरम (हे रनिंग बफेलो क्लोव्हरचे शास्त्रीय नाव) ही ना दाट रानातली वनस्पती आहे, ना उघड्या माळावरची. झाडांच्या फांद्यांतून गाळून आलेले ऊन, ओलावा धरून ठेवणारी पण पाणी न साचणारी सुपीक जमीन, बहुतेक ठिकाणी खाली चुनखडीचा खडक, आणि या सर्वांच्या जोडीला अधूनमधून होणारी मध्यम स्वरूपाची तुडवण किंवा चराई, असा तिचा अधिवास असतो. यांपैकी शेवटची अट लोकांना सर्वाधिक खटकते. परंतु माझ्या मते तीच निर्णायक आहे.

त्याचे कारण तिच्या वाढण्याच्या रीतीत आहे. मूळ रोपापासून जमिनीलगत सरपटणारी धावती खोडे निघतात, त्यांच्या पेरांपाशी मुळे फुटतात आणि तिथे नवे रोप तयार होते. पुढे जोडणारे खोड वाळून गेले तरी ते रोप स्वतंत्रपणे जगते. या पद्धतीने पसरण्यासाठी पेराला मोकळी माती लागावी लागते. आजूबाजूला उंच गवत किंवा झुडपे माजली, अथवा वरचे झाडांच्या फांद्यांचे छत्र पूर्ण मिटून गेले, तर धावत्या खोडांना जागाही मिळत नाही आणि ऊनही मिळत नाही. उलट ऊन पूर्ण मोकळे झाले की इतर वनस्पती तिच्यापेक्षा जोमाने वाढतात आणि तिला झाकून टाकतात. म्हणजे दोन्ही टोकांना तिचे नुकसानच आहे. तिच्या बियांचे कवचही टणक असते; ते खरवडले किंवा झिजले गेल्याशिवाय बी सहजी रुजत नाही.

हे काम पूर्वी कोण करत होते, याचे प्रचलित उत्तर बायसन असे आहे. (हा बायसन म्हणजे राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात दिसणारा आपला गवा नव्हे, तो उत्तर अमेरिकेतील वेगळा प्राणी आहे.) केंटकी आणि ओहायोच्या भागात बायसनांचे कळप क्षारयुक्त झऱ्यांकडे जाताना रानातून रुंद वाटा पाडत असत. या वाटांच्या कडेला गवत चरले जाई, माती उकरली जाई, शेणाचे खत मिळे आणि बी पुढच्या मुक्कामी पोचे. युरोपीय वसाहती पसरल्यावर एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतच या पूर्वेकडील प्रदेशातून बायसन नाहीसे झाले. त्याच काळात रानांची शेते झाली, आणि वसाहतकऱ्यांबरोबर युरोपातून आलेला पांढरा क्लोव्हर सर्वत्र पसरला.

वेस्ट व्हर्जिनियापासून पश्चिमेला कॅन्ससपर्यंत पूर्वी आढळणारी ही वनस्पती १९४० नंतर कोणाच्या नोंदीतच आली नाही, त्यामुळे ती नामशेष झाली असावी असे मानले जात होते. १९८३ मध्ये ती वेस्ट व्हर्जिनियात पुन्हा सापडली आणि १९८७ मध्ये अमेरिकेच्या संघीय कायद्याखाली तिला संकटग्रस्त घोषित करण्यात आले. त्यानंतर शोध सुरू झाला, तेव्हा ती ज्या जागी सापडत गेली त्या जागा पाहण्यासारख्या आहेत : जुन्या दफनभूमी, ओढ्यांचे काठ, जीपच्या कच्च्या वाटा, लाकूडतोडीच्या वेळी ओंडके ओढून नेण्याच्या वाटा, जुन्या घरांची सावलीतली अंगणे. मिसुरी राज्यातील सेंट लुईसमध्ये तर बागेसाठी बाहेरून आणलेल्या मातीतून तिची रोपे उगवली होती. बी जमिनीत दीर्घकाळ तग धरून राहते, असे त्यावरून मानायला जागा आहे.

तेव्हा आपल्या उद्यानातील यंत्र हे एका अर्थी बायसनाच्या जागी काम करत आहे. फक्त ते कधी चालवायचे हे महत्त्वाचे असते. एप्रिलच्या मध्यापासून जूनपर्यंत फुलोरा येतो आणि त्यानंतर बी पिकते. या अवधीत कापणी टाळली, तर गवतही आटोक्यात राहते आणि बीही मिळते.

उत्तर २ : चारापीक

वरील विवेचन उत्तम आहे. मी चारा पिकांच्या क्षेत्रात काम करत असल्याने एक मुद्दा जोडतो. महाराष्ट्रात क्लोव्हरच्या कुळातील परिचित पीक म्हणजे बरसीम. ते वर्षायू आहे आणि पेरणीपूर्वी त्याच्या बियाण्यास रायझोबियम जिवाणूंची प्रक्रिया करण्याची शिफारस केली जाते, कारण मुळांवर गाठी धरल्या की हवेतील नत्र पिकाला उपलब्ध होते. रनिंग बफेलो क्लोव्हरच्या बाबतीत मात्र अभ्यासकांना मुळांवर अशा गाठी सहसा आढळलेल्या नाहीत. तिच्याशी जुळणारा जिवाणू काळाच्या ओघात नाहीसा झाला असावा, असा एक तर्क मांडला जातो. द्विदल कुळातील वनस्पती असूनही ती सुपीक, चुनखडीच्या जमिनीलाच का चिकटून राहते, याचा उलगडा काही अंशी यातून होऊ शकेल. नत्र स्वतः मिळवता येत नसेल, तर ते मातीतच असावे लागते. पांढऱ्या क्लोव्हरला ही अडचण नसल्यामुळे स्पर्धेत त्याचे पारडे जड राहते.

उत्तर ३ : ॲलेघेनीची वाट

बायसनांची कथा आकर्षक आहे, पण ती थोडी जपून सांगावी असे मला वाटते. ‘बफेलो क्लोव्हर’ हे नाव ट्रायफोलियम रिफ्लेक्सम या अल्पायुषी क्लोव्हरलाही लावले जाते, त्यामुळे जुन्या वर्णनांतील विपुल क्लोव्हर म्हणजे नेमकी हीच जाती, असे दर वेळी ठामपणे म्हणता येत नाही. बायसन हे अनुमान आहे. माणसाने केलेल्या तुडवणीला ती कसा प्रतिसाद देते, हे मात्र प्रत्यक्ष पाहता येते. वेस्ट व्हर्जिनियातील मोनोंगाहेला राष्ट्रीय वनातील फर्नो प्रायोगिक वनात निवडक वृक्षतोडीच्या वाटांवर ही वनस्पती दीर्घकाळ अभ्यासली गेली आहे. ओंडके ओढताना रोपांची हानी होते हे उघड आहे, पण वाट काही वर्षे शांत राहिली की छत्रातील फटींतून येणाऱ्या उन्हात ती पुन्हा पसरते.

म्हणून ‘तुडवण चांगली’ एवढेच वाक्य उचलू नये. दर आठवड्याला कापली जाणारी हिरवळ, रोज गाड्या जाणारा रस्ता किंवा गुरांची अतिचराई हे सारे तिला मारकच आहे. काही वर्षांच्या अंतराने होणारी, मध्यम आणि मध्ये विसावा देणारी ढवळाढवळ तिला मानवते. आज तिला मोठा धोका परकीय वनस्पतींचा आहे. ओहायो आणि केंटकीत आमूर हनीसकलची झुडपे रानाचा तळ काळोखा करून टाकतात, तर गार्लिक मस्टर्ड आणि जपानी स्टिल्टग्रास मोकळ्या मातीवर तिच्याआधीच ताबा मिळवतात. ही झुडपे उपटण्याच्या मोहिमेत सहभागी होणे हे निव्वळ फलक वाचण्यापेक्षा अधिक उपयोगाचे ठरेल.

ओहायोतीरी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. हनीसकलची झुडपे आमच्या उद्यानात खरोखरच माजलेली आहेत. दोन शंका उरतात : ती आता संकटग्रस्त यादीत नाही, याचा अर्थ संरक्षण संपले असा घ्यावा का? आणि ओळखण्याची खूण सांगायची राहिली आहे.

उत्तर ४ : तृणपर्ण

२०२१ मध्ये तिला संघीय यादीतून वगळण्यात आले, कारण इंडियाना, केंटकी, मिसुरी, ओहायो आणि वेस्ट व्हर्जिनिया या राज्यांत मिळून दीडशेहून अधिक ठिकाणी ती नोंदवली गेली होती आणि त्यांतील अनेक जागांची निगा राखण्याची व्यवस्था झाली होती. वगळल्यानंतरही किमान पाच वर्षे तिच्यावर लक्ष ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. राज्यांचे आणि उद्यानांचे नियम वेगळे असतात. रोप किंवा बी घरी नेण्याचा विचार मनात आला असल्यास तो सोडून द्यावा.

आता ओळख. मे महिन्यात, फुले असताना पाहावे. पांढऱ्या क्लोव्हरचा फुलोरा पाने नसलेल्या सरळ देठावर असतो आणि तो देठ थेट सरपटत्या खोडापासून निघतो. रनिंग बफेलो क्लोव्हरमध्ये फुलोरा धारण करणारे खोड उभे असते आणि फुलोऱ्याच्या खालीच त्यावर तीन पर्णिकांची दोन मोठी पाने समोरासमोर दिसतात. फुलोरा साधारण इंचभर रुंद, पांढरा, क्वचित जांभळट छटेचा असतो. पांढऱ्या क्लोव्हरच्या पर्णिकांवर बहुधा दिसणारा फिकट कोनाकार पट्टा हिच्या पर्णिकांवर नसतो. मात्र पांढऱ्या क्लोव्हरच्याही काही रोपांवर तो दिसत नाही, म्हणून केवळ पानांवरून निर्णय करू नये. फुलोऱ्याखालच्या पानांची जोडी आहे की नाही, हे आधी तपासावे.