प्रोसेसर आधी की छताचा रंग?

काळा_पडदा
काल इथे एकाने ठोकून दिलं, "बाहेरचा व्हिडिओ प्रोसेसर नसेल तर एचडीआर प्रोजेक्टर म्हणजे पैसे पाण्यात." खाली अंगठ्यांची रांग. (एचडीआर म्हणजे जास्त उजळ-गडद पल्ल्याचं चित्र; प्रोसेसर म्हणजे ते प्रोजेक्टरला झेपेल असं करून देणारा वेगळा डबा.) तिथेच लिहिलं असतं तर भांडण झालं असतं, म्हणून वेगळा धागा.

हिशोब करा. कॅलिब्रेशननंतर, म्हणजे रंग नीट जुळवल्यावर, माझ्या प्रोजेक्टरचे खरे 1200 लुमेन (एकूण उजेड) उरतात. पडदा 120 इंची, म्हणजे साधारण 4 चौरस मीटर. 1200 भागिले 4, भागिले पाय (3.14). आले 95 निट्स, ही पडद्यावरची उजळता. सिनेमा मास्टर केलाय, म्हणजे स्टुडिओत पक्का केलाय, 1000 नाहीतर 4000 निट्सवर. उजेड कसाही दाबून बसवा, 95 च्या वर जाणार नाही. पडदा 100 इंची केला तर तेच लुमेन 137 निट्स देतात. फुकटात.

हे शहाणपण उशिरा आलं. एका दुकानाच्या काळ्याकुट्ट खोलीत डेमो बघून मी भुललो आणि लाखाच्या वर मोजून वापरलेला प्रोसेसर घरी आणला. घरी छत पांढरंशुभ्र पीओपीचं. पडद्यावरचा उजेड छताला आपटून परत पडद्यावर! रात्रीचे प्रसंग राखाडी होते ते राखाडीच. शेवटी छताला आणि बाजूच्या भिंतींना गडद मॅट रंग मारला, मजुरीसकट चौदा हजार. फरक सासऱ्यांनाही दिसला, आणि ते चष्मा विसरून आले होते.

निट्सपिपासू
तो "एक" म्हणजे मीच. नाव घ्यायला लाजता कशाला?

गणित बरोबर, निष्कर्ष चूक. 95 च निट्स आहेत म्हणून तर नीट दाबावं लागतं! एचडीआर10 या नेहमीच्या प्रकारात अख्ख्या सिनेमाला एकच मेटाडेटा, म्हणजे उजळतेची माहिती. साधा प्रोजेक्टर त्यावरून एकच वक्र, म्हणजे कुठला उजेड किती दाबायचा याचा आराखडा, धरून बसतो. म्हणजे एका स्फोटापायी दोन तास अंधार. मॅडव्हीआर एन्व्ही किंवा लुमाजेन रेडियन्स प्रो हे प्रोसेसर फ्रेमगणिक मोजतात आणि वक्र बदलतात. बाय द वे, तुमच्या त्या वापरलेल्या डब्यात हे होतं का?

काळा_पडदा
नव्हतं. हे आधीच लिहायला हवं होतं. झालं समाधान?

पण जेव्हीसी कंपनीने 2019 पासून फ्रेमगणिक टोन मॅपिंग (हेच उजेड दाबणं) प्रोजेक्टरमध्येच दिलंय. तो घेणाऱ्याने वर आणखी काही लाख का घालावेत?

निट्सपिपासू
कारण दोन्ही शेजारी लावून पाहिलेत मी. तुम्ही छत पाहिलंत.

असेम्बल्ड_अण्णा
मॅडव्हीआरचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. पीसीत बरं ग्राफिक्स कार्ड टाका आणि गप्प बसा.

निट्सपिपासू
आणि नेटफ्लिक्स? ते त्यातून जात नाही, अण्णा. फक्त फाइली चालतात. त्या फाइली कुठून येतात ते मी विचारत नाही.

असेम्बल्ड_अण्णा
नकाच विचारू.

तिसरी_घंटा
तुमचे निट्स चालू द्या. माझा साधा प्रश्न. बाबांकडे नाटकांच्या साठेक व्हीसीडी आहेत. 110 इंचांवर नटांचे चेहरे साबणाच्या फेसातून बघितल्यासारखे दिसतात आणि हात हलला की झटके बसतात. कुठला प्रोसेसर घेऊ?

निट्सपिपासू
डीइंटरलेसिंग, म्हणजे दोन अर्ध्या चित्रांचं एक करणं, चांगलं असलेला कुठलाही.

जुना_केबलवाला
आता राहवत नाही. व्हीसीडीत डीइंटरलेस करायला असतंच काय? 352 बाय 288 पिक्सेल, मुळातच प्रोग्रेसिव्ह, म्हणजे अखंड चित्रं. टेपवर सेकंदाला 50 फील्ड, म्हणजे अर्धी चित्रं, होती, व्हीसीडी बनवताना एकाआड एक फेकून दिली. गेलेलं फील्ड तुमचा एन्व्ही नवस बोलून आणणार का? डीव्हीडी असती तर 720 बाय 576, दोन्ही फील्ड शाबूत. तिथे बोला.

आणि एका चकतीत 74 मिनिटं. दोन मिळून 148. तीन तासांचं संगीत नाटक त्यात बसवायला पदं कापली या लोकांनी! आधी पदांना कात्री, मग ऑर्गनला. कव्हरवर मात्र "संपूर्ण नाटक". मी स्वतः दुकानात जाऊन भांडलो होतो.

निट्सपिपासू
बरं, व्हीसीडीबाबत चुकलो. पण नाटक पडद्यावर बघायचंच कशाला? नाट्यगृहात जा की.

तिसरी_घंटा
मी ओहायोत राहतो. बाबा पंच्याऐंशीचे. इथलं नाट्यगृह कुठल्या गल्लीत आहे तेवढं सांगा.

जुना_केबलवाला
लाज वाटू द्या हो, निट्सवाले.

निट्सपिपासू
मला काय स्वप्न पडलं होतं? विषय प्रोसेसरचा होता!

काळा_पडदा
विषय छताचा होता.

जुना_केबलवाला
घंटा, अमेरिकेत आहात ना? मग झटक्यांचं एक कारण तिथेच असेल. डिस्क पाल या भारतातल्या टीव्ही पद्धतीची, सेकंदाला 25 फ्रेमची, आणि तुमचा प्लेअर बहुतेक 60 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 60 चित्रं, देतोय. 25 काही 60 मध्ये सरळ बसत नाहीत. प्लेअर आणि प्रोजेक्टर 50 घेत असतील तर आउटपुट 50 करा. आणि चित्र झूम कमी करून 60 इंचांवर आणा, फेसही कमी वाटेल. खर्च शून्य.

तिसरी_घंटा
50 केलं. पुष्कळ फरक. फेस आहेच. बाबा म्हणाले, चित्र एवढंसं का केलंस?

निट्सपिपासू
60 इंच! त्यापेक्षा टीव्ही घ्या.

काळा_पडदा
कोणाला वापरलेला प्रोसेसर हवाय का? सुस्थितीत आहे. किंमत बोलून ठरवू.

असेम्बल्ड_अण्णा
टोन मॅपिंग आहे का त्यात?