'मेड इन चायना २०२५' आणि रोबोटचा सांधा

कारखानदारी वाढवायला 'चीनने नुसता पैसा ओतला' असं म्हटलं जातं, ते अर्धंच खरं. 'मेड इन चायना २०२५' या चीन सरकारच्या मे २०१५च्या औद्योगिक आराखड्यात १० क्षेत्रं होती आणि मोजमापही नेमकं होतं: २०२५पर्यंत कळीचे सुटे भाग व मूळ साहित्य ७० टक्के देशी.

घोडं अडतं ते याच भागांत. औद्योगिक रोबोटचा सांगाडा कुणीही ओतेल. महाग असतात रिड्यूसर (मोटरचा वेग कमी करून जोर वाढवणारी दातेरी चाकांची पेटी), सर्वो मोटर (नेमक्या कोनात फिरणारी मोटर) आणि कंट्रोलर (हालचाल चालवणारा संगणक). सांध्यातल्या 'आरव्ही' प्रकारच्या रिड्यूसरची ढिलाई, म्हणजे दातांमधला मोकळा खेळ, साधारण १ आर्कमिनिटच्या (अंशाच्या साठाव्या भागाच्या) आत लागते. तेवढीही १ मीटर हाताच्या टोकाला सुमारे ०.३ मिमी होते. नवा रिड्यूसर हे माप गाठतो; पण पोलाद, उष्णोपचार किंवा ग्राइंडिंग कमी पडलं, तर हजारो तासांनी दात झिजतात आणि वेल्डिंग रेषेवरून सरकतं. रिड्यूसर बनवणाऱ्या जपानच्या नाबटेस्को कंपनीची बाजारावरची पकड त्यामुळेच टिकली.

अनुदान रोबोटच्या संख्येवर दिलं, की आयात रिड्यूसर बसवून आकडा फुगवता येतो. ते झीज-चाचणीच्या निकालावर द्यावं. शिवाय न पारखलेलं नवं यंत्र घ्यायला पहिला ग्राहक कचरतो, त्याचं काय? चीनमध्ये २०१५पासून उत्पादकाने नव्या यंत्राच्या 'पहिल्या संचा'चा (सुरुवातीला विकलेल्या यंत्रांचा) विमा काढला, तर हप्त्याचे ८० टक्के केंद्राच्या तिजोरीतून दिले गेले. या योजनेबद्दल फार कमी बोललं जातं.