ताप गेला, न्यूमोनिया बरा झाला, पण ह्यांचा तोल अजून येत नाही. लिजनेअर्स डिसीज कुणाच्या घरी झाला आहे का?

माडाखालची (वेंगुर्ला तालुका)

नमस्कार. पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

ह्यांचं वय ५७. घरामागे समुद्राच्या बाजूला आमच्या चार खोल्या आहेत, पर्यटकांना देतो. पावसाळ्यात बंद असतात. दिवाळीच्या आधी ह्यांनी त्या उघडल्या. स्लॅबवरच्या सोलरच्या टाकीत चार महिन्यांचं पाणी तसंच होतं. एकेका बाथरूममध्ये शॉवर सोडून ठेवायचे, जाळ्या काढून क्षार खरवडायचे, परत लावून बघायचे, असे दोन-अडीच तास त्या तुषारांत होते. पाणी कडक नव्हतं, अंगाला सोसेल इतकं कोमट.

नवव्या दिवशी ताप आला, १०३. डोकं असं दुखायचं की खोलीत दिवा लावू देईनात. दुसऱ्या दिवशी जुलाब. खोकला अगदी किरकोळ, त्यामुळे छातीचं कुणाच्या मनातच आलं नाही. भातकापणीचे दिवस, आठवडाभर पाय शेतातल्या चिखलात, म्हणून जवळच्या दवाखान्यात लेप्टो (चिखल-पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप) धरला आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनची इंजेक्शनं सुरू केली. तीन दिवसांत ताप हलला नाही. चौथ्या रात्री ह्यांनी चादर मुठीत धरून खेचायला सुरुवात केली. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत होते. "धर, सोडू नको," असं मला सांगत होते आणि हाक मात्र आईला मारत होते. सासूबाईंना जाऊन बारा वर्षं झाली.

पहाटे गाडी करून गोव्याला नेलं. मेंदूचा सीटी स्कॅन स्वच्छ, पाठीतलं पाणी काढलं तेही स्वच्छ. रक्तातलं सोडियम १२१, फार उतरलेलं. एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाच्या खाली मोठा डाग. तिथल्या एका तरुण डॉक्टरांनी विचारलं, "गेल्या पंधरवड्यात कुठे हॉटेलात राहिले होते का? टाकी साफ केली, कारंजं, शॉवर?" मी शॉवरचं सांगितलं. त्यांनी लघवीची तपासणी केली आणि लिजिओनेला, म्हणजे लिजनेअर्स डिसीजचा जंतू निघाला. लिव्होफ्लॉक्सासिन ७५० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, सलाइनमधून. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. एकूण चौदा दिवस औषध झालं. व्हेंटिलेटर लागला नाही, ऑक्सिजनवर भागलं. देवाची कृपा.

आता घरी येऊन सातवा आठवडा. फुप्फुस साफ आहे. पण चालताना पाय फाकवून, होडीत उभं राहिल्यासारखे चालतात. वळताना तोल जातो. शब्द एकात एक मिसळतात. शर्टाची बटणं मी लावते. बँकेत सही जुळेना म्हणून परत यावं लागलं. परवा दुकानावर कुणीतरी म्हणालं, "ह्यो सकाळीच घेवन इलो काय?" गळ्यात तुळशीची माळ आहे, आयुष्यात थेंब घेतला नाही हो ह्यांनी. त्यांनी ते ऐकलं. तेव्हापासून बेड्याच्या (कुंपणाच्या फाटकाच्या) बाहेर पाऊल टाकत नाहीत.

एमआरआयमध्ये मेंदूच्या दोन अर्धांना जोडणाऱ्या पट्ट्याच्या मागच्या टोकाला एक ठिपका दिसला होता, तो आपोआप जातो म्हणाले. मग चाल का सुधारत नाही? तीन दिवस चुकीचं औषध गेलं म्हणून हे झालं का? की लिव्होफ्लॉक्सासिननंच झालं? माझी जाऊ मुलांना आमच्याकडे पाठवत नाही, लागण होईल म्हणते. आणि नाताळला खोल्या द्यायच्या की नाही? कुणीतरी नीट सांगा.

ज्वरपत्रक (फिजिशियन, रत्नागिरी जिल्हा)

ताई, कागद न बघता लिहितोय, त्यामुळे तुमचे डॉक्टर सांगतील ते आधी.

लागणीचं पहिल्यांदा. हा रोग माणसापासून माणसाला होत नाही. जगभरात तशी एकच संशयित घटना नोंदली आहे, पोर्तुगालमध्ये २०१४ साली. जंतू असलेल्या पाण्याचे बारीक तुषार श्वासातून आत गेले तर होतो. जाऊबाईंना हे वाचून दाखवा आणि मुलांना खुशाल येऊ द्या. ह्यांना आत्ता मुलांची गरज आहे.

तीन दिवसांबद्दल. हा जंतू पाण्यात अमिबाच्या आत राहून वाढतो. फुप्फुसात आपल्या भक्षक पेशी त्याला गिळतात, तर तो त्यांच्याही आत तसाच वाढतो. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आणि पेनिसिलिनच्या कुळातली औषधं पेशीच्या आत पुरेशी पोचत नाहीत, म्हणून ताप हलला नाही. लिव्होफ्लॉक्सासिन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन पोचतात, दोन्हींपैकी कुठलंही चालतं. योग्य औषधाला उशीर झाला की आजार बळावतो, हे मी नाकारणार नाही. पण ऑक्टोबरात, भातकापणीत, ताप आणि डोकेदुखी घेऊन आलेल्या माणसात मीही लेप्टोच आधी धरला असता. फरक इतकाच की आम्ही बऱ्याचदा लेप्टो आणि स्क्रब टायफस (बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप) दोन्ही झाकायला डॉक्सीसायक्लिन देतो आणि ती लिजिओनेलावरही काही प्रमाणात चालते. गोव्याच्या त्या तरुण डॉक्टरांचं मला मनापासून कौतुक वाटतं. न्यूमोनिया, जुलाब, भ्रम आणि उतरलेलं सोडियम एकत्र दिसल्यावर पाण्याचा प्रश्न सुचला पाहिजे, आणि आमच्यापैकी अनेकांना तो सुचत नाही. शिवाय लघवीची ती झटपट तपासणी मुख्यतः एकाच उपप्रकाराचा जंतू पकडते. ती निगेटिव्ह आली म्हणजे रोग नाही, असं समजून थांबणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. थुंकीची पीसीआर किंवा कल्चर मागावं. त्याच थुंकीत टीबीही बघावा, कारण लिव्होफ्लॉक्सासिन टीबीवरही चालतं आणि आठ-दहा दिवसांत तो झाकून टाकतं.

आता मेंदूचं. भ्रम, भास, विसरभोळेपणा, बोबडं बोलणं आणि लहान मेंदू बिघडल्याची चाल, हे सगळं या रोगात पूर्वीपासून नोंदलेलं आहे. गंमत बघा, पाठीतल्या पाण्यात जंतू जवळजवळ कधीच सापडत नाही. म्हणजे तो मेंदूत शिरून हे करत नाही. जंतूचं विष, की आपल्याच प्रतिकारशक्तीचा उसळलेला क्षोभ, यावर अजून एकमत नाही. भ्रम बहुधा तापाबरोबर जातो. तोल आणि वाणी मागे रेंगाळतात, काही आठवडे, कित्येकदा महिने. बहुतेकांत सुधारणा होते, थोड्यांत काही अंश उरतो. हे दुसरं वाक्य लपवणं बरोबर नाही म्हणून लिहिलं.

औषधाचा दोष? रापण ओढली ती लिव्होफ्लॉक्सासिन सुरू व्हायच्या आधी. त्यामुळे भ्रमाचं खापर त्यावर फोडता येत नाही. हे औषध क्वचित पायांच्या नसांना इजा करतं, पण त्यात तळव्यांना मुंग्या, जळजळ, बधिरपणा असतो. एक बघा: भिंतीशी, तुम्ही धरायला उभ्या असताना, त्यांना पाय जुळवून उभं करा. डोळे उघडे असतानाही डोलत असतील तर लहान मेंदूकडे बोट जातं. डोळे मिटल्यावरच कोसळत असतील तर नसांकडे. टाचेमागची शीर दुखत असेल तर तेही सांगा, या औषधाने ती दुखावते.

आणि एक प्रश्न मला टोचतोय. सोडियम १२१ वरून किती वेळात वर आणलं? फार झपाट्यानं चढवलं तर मेंदूच्या देठाला इजा होते, आणि तीही अशीच चाल आणि असंच बोलणं करून ठेवते. डिस्चार्ज कार्डात रोजचे आकडे असतील. एमआरआयच्या रिपोर्टात "पॉन्स" (मेंदूच्या देठाचा भाग) हा शब्दही शोधा. बी-१२ आणि थायरॉइड झालं आहे का?

इंजिनरूम (रत्नागिरी)

वहिनी, मी जहाजावर तिसरा इंजिनिअर होतो. २००८ साली ड्राय डॉकमधून (जहाजदुरुस्तीच्या गोदीतून) निघालेल्या टँकर जहाजावर चढलो. क्रूच्या राहण्याच्या भागातल्या गरम पाण्याच्या लाइनीत महिनाभर पाणी पडून होतं. दहा दिवसांनी समुद्रात ताप भरला, नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमला उतरवलं. ३४ वर्षांचा होतो, दंडातली ताकद बघून लोक वळून बघत. आणि हॉस्पिटलातून निघालो तेव्हा जिना उतरायला दोन माणसं लागली.

तिथल्या डॉक्टरांना हा रोग नीट माहीत होता. १९९९ साली त्यांच्याकडे बोव्हेनकार्स्पेलला फुलांचं प्रदर्शन भरलं होतं. तिथे नमुना म्हणून मांडलेल्या एका व्हर्लपूलच्या टबातून शंभरावर माणसांना हा रोग झाला. त्यातून वाचलेल्यांना सुमारे दीड वर्षानं विचारलं, तर चारातल्या तिघांना थकवा होता आणि साठ टक्क्यांहून जास्त लोकांना मज्जासंस्थेच्या तक्रारी. डॉक्टरांनी मला हे बसून सांगितलं. त्या क्षणी घाबरलो, पण पुढे फार उपयोग झाला. आपल्याच मनाचे खेळ नाहीत, हे कळलं होतं. नाव १९७६ चं आहे, फिलाडेल्फियात एका हॉटेलात जमलेले 'अमेरिकन लीजन' संघटनेचे माजी सैनिक आजारी पडले तेव्हाचं.

मला अकरा महिने लागले. आधी चाल परतली, मग वाणी. फोन नंबर लक्षात राहणं सगळ्यात शेवटी. सकाळी दहापर्यंत मी बरा असायचो आणि जेवणानंतर निकामी. म्हणून कामं सकाळी करा. वहिनी, त्यांना बेड्याबाहेर काढा. मलाही लोक पिऊन आलोय म्हणायचे. माझी बायको शेवटी दुकानावर गेली आणि सगळ्यांसमोर सांगून आली की मेंदूला ताप चढला होता, चाल त्याची आहे. दुसऱ्या दिवशी त्याच दुकानदारानं मला बसायला स्टूल दिलं.

खोल्यांचं मी सांगतो, ते माझं काम आहे. हा जंतू २५ ते ४५ अंशांच्या पाण्यात पोसतो, म्हणजे तुमच्या सोलरला ढगाळ दिवसांत असतं नेमकं तेवढं. ६० अंशांवर तो मरतो. सोलरच्या टाकीत इलेक्ट्रिक कॉइल असेल तर पाणी ६० ला न्या, नळाला ५० च्या वर येतं का थर्मामीटर लावून बघा. पाहुण्यांना भाजू नये म्हणून गरम-थंड पाणी मिसळणारा मिक्सर नळ हवाच. टाकीतला गाळ पूर्ण काढा, क्लोरिननं धुवा. शॉवरच्या जाळ्या सरळ नव्या घाला. जुनी न वापरातली लाइन कुठे टोपण लावून सोडली असेल तर ती मुळातून कापा, त्या आंधळ्या तुकड्यात पाणी कुजतं. मग प्रत्येक नळ आठवड्यातून एकदा पाच मिनिटं सोडायचा, पाहुणे असोत नसोत. शॉवर पहिल्यांदा सोडताना जाळी काढून, पाइपचं तोंड बादलीतल्या पाण्यात बुडवून सोडा म्हणजे तुषार उडत नाहीत. एन-९५ मास्क घाला. आणि हे काम त्यांना करू देऊ नका.

पाऊलवाट (फिजिओथेरपिस्ट, कुडाळ)

काकू, एमआरआयमधल्या ठिपक्यात अडकू नका, चाल शिकवण्याकडे या. वाळूत चालवा असं कुणी सांगेल, आत्ता नको. तुमचं खळं सपाट असेल तर त्यावर रांगोळीनं दहा फुटांची रेघ काढा. दोन्ही बाजूंना खुर्च्या. रेघेवर पाऊल हळू ठेवायचं, डोळ्यांनी बघत आणि तोंडानं मोजत. दिवसातून चार वेळा, पाच-पाच मिनिटं, दमायच्या आत थांबायचं. बटणांसाठी आधी मोठी बटणं जुन्या उशीच्या अभ्र्याला शिवून द्या. हात थरथरत असेल तर मनगटाला अर्ध्या किलोचा पट्टा बांधून बघू.

एक विचारते, पेज पिताना ठसका लागतो का? शब्द मिसळतात तिथे गिळणंही ढिलं असू शकतं. लागत असेल तर पातळ पेज बंद, गुरगुट्या भात द्या, बसवून आणि हनुवटी खाली घेऊन. अन्न फुप्फुसात गेलं तर नवा न्यूमोनिया ओढवेल.

माडाखालची

तिघांचेही उपकार. कार्ड शोधलं. डॉक्टर, सोडियम १२१, दुसऱ्या दिवशी १२६, मग १३१, मग १३५. रिपोर्टात पॉन्स नॉर्मल लिहिलंय. बी-१२ झालेलंच नाही, उद्या सावंतवाडीला रक्त देतो. डोळे उघडे असतानाच डोलतात, मिटल्यावर फारसा फरक नाही. तळव्यांना मुंग्या नाहीत.

पेजेचा ठसका लागतो. मी त्याला थंडीचा खोकला समजत होते.

ज्वरपत्रक

सोडियम बरोबर गतीनं चढवलंय, ती शंका बहुतांशी मिटली. ठसक्याचं मात्र या आठवड्यात दाखवाच, बी-१२ च्या आधी. न्यूरोलॉजिस्टकडे तीन महिने पूर्ण होतील तेव्हा परत जा. काही रुग्णांना स्टिरॉइड दिल्याच्या नोंदी आहेत, पण ठाम पुरावा नाही. कुणी दुकानातून आणून देत असेल तर घेऊ नका.

माडाखालची

नाताळचं बुकिंग परत केलं. मुलगा सुट्टीत येऊन टाकी आणि लाइन बघणार आहे. आज जाऊबाईंची दोन्ही मुलं आली, त्यांनीच रेघ काढली आणि काका किती पावलं टाकतात ते मोजलं. रेघेवर तेरा आणि मग खुर्ची. काकांनी त्यांना सांगितलं, "पुन्हा मोजा, मधलं एक राहिलं." ते वाक्य मला पहिल्या झटक्यात कळलं.

कुडाळच्या ताई, तुमच्याकडे आणायचं तर सकाळची वेळ मिळेल का? दहाच्या आतली.