हिक्सनबाईंना ‘लॉटरी’ म्हणणाऱ्यांसाठी

अडकित्ता
काल दुसऱ्या एका धाग्यावर ‘सुपारी’ यांनी पिंक टाकली: “जोन हिक्सन म्हणजे म्हातारपणी लागलेली लॉटरी. जन्मभर मोलकरणी आणि घरमालकिणी केल्या, ७८व्या वर्षी अगाथा ख्रिस्तीची म्हातारी डिटेक्टिव्ह मिस मार्पल मिळाली म्हणून नाव झालं. खरी नटी सिनेमातली मार्पल, मार्गारेट रदरफर्ड.” तिथे दोन ओळींत उत्तर देणार होतो. रात्री झोप लागेना, म्हणून वेगळा धागा.

बाईंचा जन्म १९०६चा. शिक्षण लंडनच्या ‘राडा’ या नाट्यशाळेत (राडा शिकल्या, केला नाही). १९३४पासून सिनेमात. ‘कॅरी ऑन’ या ब्रिटिश विनोदी पटांत नर्सांवर डाफरणारी सिस्टर त्याच. १९७९मध्ये ‘बेडरूम फार्स’ या नाटकासाठी ब्रॉडवेवर टोनी हा रंगभूमीचा पुरस्कार मिळाला. म्हणजे मार्पलच्या पाच वर्षं आधी. या पुरस्काराचं तिकीट स्टेशनबाहेर मिळतं का?

आणि चाळिशीच्या दशकात खुद्द ख्रिस्तीबाईंनी त्यांना एका नाटकात पाहून, कधीतरी माझी मिस मार्पल तू करशील अशी आशा आहे, या अर्थाची चिठ्ठी लिहिली होती. तेव्हा हिक्सन चाळिशीच्या आसपास. भूमिका मिळाली १९८४मध्ये, बीबीसीच्या मालिकेत, लेखिका जाऊन आठ वर्षं झाल्यावर. त्यानंतर १९९२पर्यंत मार्पलच्या बाराही कादंबऱ्या केल्या. शेवटची केली तेव्हा वय ८६.

सुपारी
माझ्या एका प्रतिसादावर अख्खा धागा! धन्य झाले.

टोनीचं मला माहीत नव्हतं, ते तुमच्या पदरात. बाकीचं जिथल्या तिथे. रदरफर्ड पडद्यावर आली की लोक सरसावून बसत. ती हनुवटी, तो अंगावरचा झगा, तलवारबाजी काय, घोडेस्वारी काय! ‘ब्लाइद स्पिरिट’मधली मादाम अर्काटी रंगमंचावर १९४१मध्ये, सिनेमात १९४५मध्ये, आणि पुढे ‘द व्हीआयपीज’साठी ऑस्कर. हिक्सनची मार्पल बघताना मला पेन्शनच्या रांगेत शांत बसलेली बाई दिसते. तुम्ही त्याला संयम म्हणता, मी डुलकी म्हणते.

ख्रिस्तीबाईंचंच प्रमाणपत्र चालत असेल, तर १९६२ची ‘मिरर क्रॅक्ड’ ही कादंबरी त्यांनी रदरफर्डना अर्पण केली आहे. घ्या.

अडकित्ता
अर्पण केली ती व्यक्तीला. रदरफर्डच्या मार्पल-सिनेमांवर ख्रिस्तीबाई खूश नव्हत्या. त्या चार सिनेमांपैकी पहिलाच तेवढा मार्पलच्या कादंबरीवर. मधले दोन ख्रिस्तीबाईंच्याच दुसऱ्या डिटेक्टिव्हच्या, प्वारोच्या, कादंबऱ्या उचलून मार्पलच्या अंगावर चढवलेले, चौथ्याला तर कुठलंच पुस्तक नाही. उसन्या लुगड्यातल्या मार्पलचं कौतुक पुरे.

तळ्यातमळ्यात
दोघेही एक गंमत विसरताय. १९६१च्या त्या पहिल्या सिनेमात हिक्सन आहे! मिसेस किडर, घरकाम करणारी. समोर मार्पल म्हणून रदरफर्ड. १९८७मध्ये त्याच कादंबरीवर, ‘४.५० फ्रॉम पॅडिंग्टन’वर, बीबीसीने मालिका केली तेव्हा हिक्सन स्वतः मार्पल. २६ वर्षांत स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात. मी दोन्ही पाठोपाठ पाहिलेत. कबूल करतो, १९६१ला तिच्याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.

सुपारी
“लक्षच गेलं नव्हतं.” माझं काम सोपं केलंत, आभार.

अडकित्ता
मोलकरणीकडे लक्ष गेलं नाही तर मोलकरीण जमली. त्या सिनेमात लक्ष एकाच बाईकडे जातं, कारण ती प्रत्येक वाक्याला गाल थरथरवते. याला आमच्याकडे ओव्हरअ‍ॅक्टिंग म्हणतात.

नाट्यवेडी
इथे मला राहवत नाही.

‘ओव्हरअ‍ॅक्टिंग’ हा शब्द ज्याला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवावा लागला नाही, त्याने वापरू नये. वीस वर्षं हौशी रंगभूमीवर आहे. कॅमेरा नाकाजवळ आणून ‘किती सूक्ष्म!’ म्हणणं सोपं असतं.

आणि चरित्र भूमिकांचा विषय निघालाच आहे तर ऐका. मी २७ वर्षांची असताना एका स्पर्धेच्या नाटकात दिग्दर्शकाने मला आजी दिली. का, तर “तुझा चेहरा नायिकेचा नाही”. केसांत पावडर, कपाळावर पेन्सिलीच्या आठ्या, हातात काठी. नायिका ३४ वर्षांची! बक्षीस मला मिळालं आणि त्यानंतर मला आयुष्यभर आज्याच मिळाल्या. आता ४८ची आहे, तरी पावडर लावतातच.

वैशाखी
+१. माझ्या बहिणीला पंचविशीत ४० वर्षांच्या माणसाची आई केलं होतं.

कावळेकाका
म्हातारी करायला म्हातारी का घेत नाहीत, हा माझा जुना प्रश्न. आमच्या सोसायटीत सत्तरीच्या पुढच्या नऊ बायका आहेत, नऊही जणी मार्पल. कोणाकडे कुरिअर आलं, कोणाचा जावई चार दिवस राहिला, सगळी नोंद. एकीलाही कोणी विचारत नाही.

नाट्यवेडी
काका, सत्तरीच्या बाईला रात्री साडेअकराला तालमीहून घरी कोण सोडणार? आमच्या संस्थेत होत्या एक, अप्रतिम काम करायच्या. सुनेने बंद केलं.

फडताळ
सुनेने? की मुलाने? बंद मुलगा करतो आणि नाव सुनेचं होतं.

नाट्यवेडी
मी समोर होते. तुम्ही होता का?

फडताळ
मी एका घरातली सून आहे, तेवढं पुरतं.

कावळेकाका
अहो, मी सहज विचारलं होतं.

अडकित्ता
धागा हिक्सनचा आहे, सासू-सुनेचा नाही. पण नाट्यवेडींच्या मुद्द्यातलं एवढं खरं की हिक्सनवर पावडर लागली नाही. १९८४मध्ये ७८ वर्षांच्या बाईला घेतलं, ते वय चेहऱ्यावर होतं. समोरचा बोलत असताना तिचे डोळे पाहा. विणकाम चालू, मान खाली, आणि एका शब्दाला सुया किंचित थांबतात. तिथे खुनी सापडलेला असतो. हे थांबणं शिकवून येत नाही. पन्नास वर्षं दुसऱ्यांची वाक्यं कोपऱ्यात उभं राहून ऐकली की येतं. तुमच्या ‘मोलकरणी आणि घरमालकिणी’ कामाला आल्या त्या अशा.

सुपारी
सुया थांबतात हे मीही पाहिलंय. बरं दिसतं. (झालं समाधान?)

पण मग हेही लिहा की रदरफर्ड व्यावसायिक रंगभूमीवर आली तीच ३३व्या वर्षी, १९२५मध्ये लंडनच्या ओल्ड व्हिक नाट्यगृहात. त्याआधी पियानो शिकवत होती. बापाने ती जन्मण्याआधी स्वतःच्या बापाचा खून केलेला. पुढे कुटुंब भारतात आलं, तिथे आईने आत्महत्या केली, आणि तीनेक वर्षांची पोर विम्बल्डनला मावशीकडे परत पाठवली गेली. इतकं भोगून जी बाई जगाला हसवते, तिच्या गालांची थरथर तुम्हाला खटकते.

अडकित्ता
हे भावनिक ब्लॅकमेल आहे. बालपण दुःखी होतं म्हणून अभिनय चांगला ठरत नाही. माझंही बालपण फार सुखाचं नव्हतं, मला कोणी ऑस्कर दिलं नाही.

सुपारी
तुमचा अभिनय पाहिला नाही म्हणून. मुद्दा सुचला नाही की विनोद.

तळ्यातमळ्यात
दोघांनी पाणी प्या.

मला वाटतं तुम्ही दोन वेगळ्या व्यवसायांची तुलना करताय. रदरफर्डला बघायला लोक येत, भूमिका कुठली का असेना. हिक्सन भूमिकेत विरघळायची, म्हणून नाव लक्षात राहायला ७८ वर्षं लागली. ‘बेडरूम फार्स’मध्ये ती आणि मायकेल गॉफ म्हातारं नवरा-बायको होते. अंथरुणात बसून टोस्टवर मासे खाणारे. दोघांनाही टोनी. लोक त्या दोघांना आपले शेजारी समजत असणार.

सुपारी
विरघळणं हे साखरेला शोभतं.

वैशाखी
मध्येच विचारते, नाट्यवेडी, ज्या नाटकाला तुम्हाला बक्षीस मिळालं त्याचं पुढे काय झालं?

नाट्यवेडी
दोन प्रयोग. दुसऱ्याला सतरा प्रेक्षक, त्यातले सहा नायिकेच्या घरचे. मी तेव्हाही शेवटच्या रांगेसाठीच बोलत होते, तिथे कोणी नव्हतं.

फडताळ
हे वाचून वाईट वाटलं. सुनेबद्दलचं माझं म्हणणं मात्र कायम.

सुपारी
अडकित्ता, ‘बॉडी इन द लायब्ररी’पासून सुरुवात करू की ‘४.५०’पासून? पुन्हा बघून मगच नावं ठेवीन म्हणते. लॉटरी शब्द मागे घेतलेला नाही, नोंद घ्यावी.

अडकित्ता
‘४.५०’. आधी १९६१चा बघा आणि मिसेस किडरवर लक्ष ठेवा.

कावळेकाका
आमच्या जोशीकाकूंना विचारलं. हो म्हणाल्या, पण तालीम दुपारी हवी.